सोडलेली गोळी

चुडावा, ९ जुलै २०२५

ती. उत्तराअक्कास,
काशीनाथचा शि. सा. नमस्कार.

लेक निकिता कालेजला परभणीला निघाली, तिच्याच हाती चिठ्ठी देतोय. फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस. दम्यासाठी वर्षभर मी बाजारातल्या पुडीवाल्याची बारीक गोळी रोज खायलो होतो. ती स्टेरॉइड हाय म्हणून परवा तू लय भडकलीस. आता खुश हो. आषाढीला लोक चातुर्मासाचं कांदा-वांगं सोडतात, मी गोळी सोडली. एकदम, साफ! त्या गोळीनं तोंड सुजलं होतं, त्याला गाव म्हणायचं, तब्येत भरली.

तीन दिवस झाले, पाय लटपटायलेत, उलट्या होतात, उठलं की अंधारी येते. विष निघायलंय. तुझी भावजय हेमा उगीच घाबरली.

लोभ हाय तसाच राहू दे.

तुझा काशीनाथ

परभणी, ९ जुलै, दुपार

चि. काशीनाथास अनेक आशीर्वाद.

अरे खुळ्या, विष कसलं निघतंय, जीव निघायलाय! तीस वर्षं नर्सगिरी केली अन् सख्ख्या भावाला अर्धंच सांगितलं. चूक माझी.

रोज बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं तयार करणं कमी करतं. बाहेरचंही अचानक तोडलं की माणूस कोसळतो. ही गोळी वांग्यासारखी सोडायची नसते. डॉक्टर तिला हळूहळू उतरवतात. निकिताला जीप करून परत पाठवलंय. पुडी घेऊन बस, बाकीचं वाटेत वाच. दवाखान्यात आधी सांग, वर्षभर गोळी घेतली अन् एकदम थांबवली म्हणून. मी तिथंच आहे. रागावणार नाही, फक्त ये.

अक्का

चुडावा, ३० ऑगस्ट

ती. अक्कास सा. न.

तू जीप पाठवली नसतीस तर आज माझ्या तेराव्याचं कार्ड वाचलं असतंस. गोळी आता निम्म्यावर आली, डॉक्टरांनी तारखा लिहून दिल्यात. दम्याचं औषध ओढायच्या पंपाची सवय लागते म्हणून मी आधी बिचकायचो. आता सकाळ-संध्याकाळ घेतो, वर चूळ भरतो. परवा स्टेशनचा पूल न थांबता चढलो. हेमा खालून बघत होती, रडली येडी.

शेजारची चांगुणाबाईही तीच पुडी खायची. माझं ऐकून ती चुलीत टाकायला निघाली. मी धावत जाऊन तिचा हात धरला, टाकू नको मावशे म्हणून ओरडलो. आज तिला पुडीसकट डॉक्टरांपुढं बसवून आलो.

असाच धाक अन् माया असू दे.

काशीनाथ