ट्रंकेवर घडीभर

उरल, जून १९५०

लाडक्या आईला झीनाचा वाकून नमस्कार, आणि धाकट्या ल्योन्याला कान पिळून पापा.

मी ठणठणीत आहे. प्रयोगशाळेत पांढरा पाव मिळतो, साखरसुद्धा. हे पत्र सुट्टीवर निघालेल्या क्लावाच्या हाती देतेय. "मी काही फोडून वाचणार नाही हं," असं ती मी न विचारताच म्हणाली, म्हणून सगळं लिहीत नाही.

रेडिओ सांगतो, शत्रू समुद्रापलीकडे आहे. मग कुंपणावरच्या पहारेकऱ्यांची तोंडं आमच्याकडे का? आमचे साहेब म्हणतात, "आपण नाही केलं तर ते करतील. विज्ञानात दयामाया चालत नाही, झीना." पण त्यांनीच स्वतःच्या घरात प्रयोगशाळेमागच्या नदीची मासळी बंद केलीय. कारण विचारलं तर आधी दाराकडे बघितलं, मग म्हणाले, "चव बिघडलीय."

तीच नदी आपल्या परसाखालून वाहते ना गं? ल्योन्या अजून पोहतो?

मी घर सोडलं तेव्हा, प्रवासाआधी बसायच्या रिवाजाप्रमाणे, आपण सगळे ट्रंकेवर घडीभर गप्प बसलो होतो, आठवतं? हे वाचून झालं की ल्योन्याला शेजारी घेऊन तशीच बस.

आणि मग चहा ठेवायला म्हणून उठू नकोस.

तुझीच,
झीना