पाच पानांची तयारी

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.
नवीन प्लांट हेड आल्या. अनुपमा मॅडम. कँटीनमध्ये राउंड घेतला. डाळीच्या पातेल्यात पळी बुडवली, वर उचलली, तिरकी केली, डाळ परत पडू दिली. काही बोलल्या नाहीत. माझे कान तिखट आहेत. माणूस बोलत नाही तेव्हाही मला ऐकू येतं. मॅडम इम्प्रेस झाल्या.

जाताना सहज म्हणाल्या, २२ तारखेला, शनिवारी संध्याकाळी शिक्रापूरच्या गेस्ट हाऊसवर आम्ही तिघं-चौघं पोकर खेळणार आहोत, पैसे नाहीत, नुसता टाइमपास. तुम्ही खेळता का? मी म्हणालो, रोज.

पोकर मला येत नाही. पण तीन पत्ती तीस वर्षं खेळतोय. पोकर म्हणजे पाच पानांची तीन पत्ती, दोन पानांचा काय तो फरक.

कँटीनचं काँट्रॅक्ट ३१ मार्चला संपतंय. अकरा वर्षं झाली. कारेगाव फाट्यावर चहाच्या गाड्यापासून सुरुवात केली, आज तीन शिफ्टला नऊशे ताटं. रिन्यूअल कुठं ठरणार ते आज कळलं. पत्त्यांच्या टेबलावर.

कुशाबाई म्हणाली, शेठ, मॅडमनी पळी का तिरकी केली ते बघा जरा. डाळ लई पातळ हाय. कुशाबाई माझी मुख्य आचारी. हाताखाली नऊ बायका. स्वयंपाकात हुशार, बिझनेसमध्ये कच्ची.

४ मार्च, मंगळवार.
संकल्प : पोकरमध्ये पानांच्या दहा पायऱ्या आहेत. रोज एक पाठ. दहा दिवसांत विषय संपला.
आजची पायरी : हाय कार्ड. म्हणजे हातात काहीच नाही. लगेच पाठ झाली.
तक्रारवहीत चौदा तक्रारी. बारा डाळीच्या असाव्यात. दोन वाचल्या. काही वाटलं नाही.

६ मार्च, गुरुवार. दुपारी.
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. शिकवणारा फार घाईत होता. तरी मुद्दा कळला. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर पाच उघडी. ती पाच सगळ्यांची. भावकीतल्या विहिरीसारखं. पाणी सामाईक, ज्याची त्याची पाळी वेगळी. सातांतून चांगली पाच जुळवायची.
एवढं सोपं असताना लोक क्लास का लावतात?
पायऱ्या तीन झाल्या पाहिजे होत्या. दोन झाल्या. उद्या चार करणार.

८ मार्च, शनिवार. दौंड.
मेहुण्यांकडे आलो. बाळासो. रेल्वेतून रिटायर. गाडी सुटेपर्यंत ड्रायव्हर-गार्डच्या रनिंग रूममध्ये पत्ते, गाडी पोचल्यावर पुढच्या रनिंग रूममध्ये पत्ते. असा गुरू पुण्यात पैसे देऊन मिळणार नाही.

पैजेच्या चिप्स म्हणून तूरडाळ घेतली. मोबाईलवरचा पायऱ्यांचा तक्ता समोर ठेवला. बाळासोंनी चष्मा लावून वाचला आणि थांबले. म्हणाले, दाजी, ह्यात कलर सिक्वेन्सच्या वर छापलाय. मी म्हणालो, व्हय की. ते म्हणाले, चाळीस वर्षं पत्तं कुटतोय मी, कलर कवा सिक्वेन्सच्या वर गेलाय का? छपाईची चूक हाय.
तक्त्यावर पेनाने दुरुस्ती करता येत नाही, म्हणून वहीत बरोबर क्रम उतरवला. सिक्वेन्स, म्हणजे ओळीची पानं, वर; कलर, म्हणजे एकाच चिन्हाची पानं, खाली.
बाळासोंच्या मंडळी, अनसावहिनी म्हणाल्या, दोघांनी मिळून वाटीभर डाळ जमिनीवर सांडली, तेवढी आमटीत पडली असती तर माणसाच्या तोंडाला लागली असती. हे त्या कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

११ मार्च, मंगळवार.
पोकरमध्ये पानांपेक्षा चेहरा महत्त्वाचा. आत काय चाललंय ते बाहेर दिसू द्यायचं नाही. आरशासमोर वीस मिनिटं सराव केला. माझ्या बाबतीत अवघड गेलं नाही. अलीकडे आतही फारसं काही चालत नाही.
बायको, प्रतिभा, दारातून बघत होती. म्हणाली, अहो, दात दुखतोय का?

दुपारी कुशाबाईवर प्रयोग. ती म्हणाली, शेठ, दर शिफ्टला दोन किलो डाळ वाढवून द्या, पोरं ताटात हात धुतल्यावानी करत्यात. मी चेहरा धरून ठेवला. ती उभी राहिली. मी धरून ठेवला. ती बरं म्हणाली आणि गेली.
यश.

१७ मार्च, सोमवार.
एचआरचं पत्र. कँटीन काँट्रॅक्टसाठी इच्छुकांनी अर्ज करावेत. २२ तारखेला, शनिवारी सकाळी अकराला चाखणी. कामगारांची कमिटी चव बघणार, मालकाने स्वतः हजर राहावं.
कमिटी म्हणजे फॉरमॅलिटी. अशा पुष्कळ फॉरमॅलिट्या मी पेढे वाटून पार पाडल्यात. शिवाय त्याच दिवशी संध्याकाळी गेस्ट हाऊस. सकाळी दौंडला शेवटची उजळणी. चाखणी कुशाबाई बघेल.
प्रतिभा म्हणाली, तुम्ही जाणार नाही? मी म्हणालो, मी मोठ्या टेबलावर बसतोय. ती म्हणाली, ते टेबल जेवणाचं नव्हं.
बायकांना स्ट्रॅटेजी सांगता येत नाही.

१९ मार्च, बुधवार. दुपारी ३.
आज पहिल्यांदा ब्लफ ओळखला.
कुशाबाई कागद घेऊन आली. म्हणाली, शेठ, आमचा बायांचा बचत गट बी अर्ज भरतोय. लपवून न्हाई, तुम्हाला सांगून करतोय. नऊ वर्षं हितं रांधतोय एवढं लिहून सही द्या. न्हाईतर डाळ वाढवा, मंग अर्ज भरत न्हाई, काय ते तुम्हीच सांगा.

आवाज सरळ. डोळे सरळ. इतका सरळ आवाज म्हणजे हातात काही नाही. नेमक्या वेळी हे ओळखणारा माणूसच टेबलावर टिकतो. दोन किलो डाळीसाठी केवढा डाव टाकला बाईने. मी पेन काढलं आणि सही ठोकली. शिक्काही मारला. वर लिहिलं, काम उत्तम.
ती कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, शेठ, वाचलंत का? मी म्हणालो, तीन पत्तीत मी ब्लाइंड खेळतो, पानं न बघता.

२२ मार्च, शनिवार. रात्री ९.
सकाळी बाळासोंनी दहाही पायऱ्या विचारल्या. आठ आल्या. संध्याकाळी पाचला शिक्रापूर.
टेबलावर मॅडम, क्वालिटीचे रविराज साहेब आणि मी. पहिला तासभर पानं टाकत बसलो. अनुभवी माणूस घाई करत नाही.

मग अठ्ठी-सत्ती आली. टेबलावर नव्वी, छक्की, पंजी, राजा, दुर्री. पंजी ते नव्वी, सरळ सिक्वेन्स. चेहरा दगडासारखा. सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. मॅडमनीही सरकवल्या. पानं उघडली. त्यांच्याकडे बदामचा एक्का आणि तिर्री, टेबलावर तीन बदाम. नुसता कलर. मी दोन्ही हातांनी चिप्स ओढल्या.

रविराज साहेब म्हणाले, आप्पा, कलर म्हणजे फ्लश, तो मोठा. मी शांतपणे म्हणालो, सिक्वेन्स मोठा. त्यांनी मोबाईलवर तक्ता दाखवला. मी म्हणालो, छपाईची चूक. त्यांनी दुसरा दाखवला. मग तिसरा. चूक बरीच पसरली आहे.
मॅडमनी विचारलं, तुम्ही रोज खेळता ना? मी चेहरा धरून ठेवला.

चिप्स परत करताना त्या म्हणाल्या, सकाळी चाखणीला तुमची वाट बघत होते सगळे, तुमच्या नावाची खुर्ची रिकामी होती. मी म्हणालो, आजच्या खेळाची तयारी करत होतो. त्यांनी हातातल्या चिप्स खाली ठेवल्या. म्हणाल्या, अहो, इथे तर आम्ही टाइमपासला बसतो. कँटीनचं कमिटी ठरवते, मला त्यात मतही नाही.
आवाज मऊ होता. आपल्या बाजूने आहेत.

२५ मार्च, मंगळवार.
कँटीनमध्ये गेलो की बायका बोलायच्या थांबतात. दरारा अजून आहे.
फुल हाऊस आणि फोर ऑफ अ काइंड या दोन पायऱ्यांत घोटाळा होतोय. रोज अर्धा तास वाढवणार.

२७ मार्च, गुरुवार.
पत्र आलं. कँटीन १ एप्रिलपासून महिला बचत गटाकडे. अनुभवाचा दाखला जोडलेला होता. खाली माझी सही, शिक्का, काम उत्तम. अक्षर चांगलं आलंय.
दोनदा वाचलं. काही वाटलं नाही. प्रतिभाने विचारलं, काय झालं? मी पत्र दिलं. तिने वाचलं, घडी घातली, आणि चहा टाकायला गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ भांड्याचा आला नाही.

१ एप्रिल, मंगळवार. दुपारी २.
सवयीने पहाटे पाचला गेटवर. सिक्युरिटीवाला म्हणाला, आप्पा, पास संपला तुमचा. घरी येऊन पडलो. झोप नाही, जाग नाही.

बाराला कुशाबाईचा फोन. जेवायला या, गेटवर नाव सांगितलंय. गेलो. व्हिजिटरचा पास मिळाला, गळ्यात घातला. ती हात पुसत बाहेर आली. म्हणाली, शेठ, मार्केटयार्ड तुमच्याइतकं कुणाला ठावं न्हाई. टेंपो बी हाय. भाजी तुम्ही टाका. पण सकाळी साडेपाचच्या आत, आन् माल मी तोलून घेईन. तुम्ही मला शिकवलंय, माणूस ओळखीचा असला तर दोनदा तोलायचं.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. ब्लफ आहे का ते कळेना. मग कळलं की त्या सहीच्या दिवशीही कळलं नव्हतं. ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत सांगा, आणि परत आत गेली. जेवणाची सुट्टी झाली होती.

मी ताट घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा या बाजूने. डाळ घट्ट होती. पळीकडे बघत तिथेच उभा राहिलो.
मागून कुणीतरी कोपराने हलकेच ढोसलं. काका, पुढं सरका की, सुट्टी संपून जाईल.
सरकलो.