सावित्री चालू आहे

१२ नोव्हेंबर २००६, रविवार. पोलादपूर

सामान पोचलं, मी पोचले आणि मुख्य म्हणजे माझे दोन संगणक, ही दोन्ही यंत्रं, धडधाकट पोचली. वरंधा घाटाच्या प्रत्येक वळणावर मी मान वळवून गोधडीत गुंडाळलेल्या त्या दोन डब्यांकडे बघत होते. टेम्पोवाल्याला वाटलं, आत देव आहेत. महाडला चहाला थांबलो तेव्हा त्याने, समोर उदबत्ती लावू का, असं अगदी मनापासून विचारलं. लाव म्हटलं.

नोकरी महाडला, कॉलेजात संगणक शिकवायचा. घर मात्र पोलादपूरला घेतलं. महाडात मिळत होती ती खोली तळमजल्याची, आणि पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरतं हे कॉलेजातल्या विनीताने मला आधीच बजावलं होतं. यंत्रं पाण्यात नकोत. इथे हायवेच्या कडेला भिकाजीकाकांचं पत्र्यांचं आणि खिळ्यांचं दुकान आहे, त्याच्या वर दोन खोल्या. दोन्ही खोल्यांना रस्त्याकडे एकेक खिडकी. शिवाय फोनची लाइन आधीपासून आलेली; पूर्वी खाली एसटीडी बूथ होतं म्हणे. त्यामुळे ब्रॉडबँड आठवड्यात मिळेल.

मालकीणबाई, बनुबाई, मागच्या घरातून भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन आल्या. मी सुकट खात नाही हे सांगायची हिंमत झाली नाही. खाल्ली. चांगली लागली.

२६ नोव्हेंबर, रविवार

सगळं सुरू झालं! इथल्या दोन नद्यांवरून मोठ्या यंत्राचं नाव सावित्री, लहानाचं गांधारी. माझी पत्रं आणि माझं संकेतस्थळ सावित्री सांभाळते. गांधारी रोज पहाटे तिची नक्कल उतरवून घेते. भारनियमन सकाळ-दुपार मिळून सहा तास, म्हणून इन्व्हर्टर बसवला. आतल्या खोलीत आता दिवसरात्र पंख्यांची घरघर असते.

विनीता विचारत होती की फुकटच्या मेल कंपन्या असताना हा उपद्व्याप कशाला. तिला सांगितलं, बाबांची चार वर्षांची पत्रं अशाच एका कंपनीत होती. कंपनी एक दिवस बंद पडली. बाबा गेल्यावर मी बघायला गेले, तर काहीच नव्हतं. तेव्हापासून ठरवलं, आपलं पोस्ट ऑफिस आपल्या घरात. मधे कुणी नाही. विनीता म्हणाली, मग पोस्टमनही तूच. खरं आहे.

आईला पुण्यात पहिलं पत्र टाकलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिला टायपिंगची हौसच लागली आहे. पंधरा मिनिटांत उत्तर आलं.

७ डिसेंबर, गुरुवार

सकाळी पावणेआठची एसटी, पाचपर्यंत परत. सहा वाजता हायवेवरच्या टपऱ्यांवर माणसं जमतात, पण तिथे मी जाऊन काय करणार? विनीता महाडची, तिचं घर, तिचा संसार. बनुबाई कामात. मुलं वर्गात हुशार आहेत, पण तास संपला की एसटीकडे पळतात.

आज लक्षात आलं की शुक्रवारपासून मी घरात एकही शब्द मोठ्याने बोलले नव्हते. मग सावित्रीला म्हटलं, बाई, चहा घेणार का? आवाज इतका फुटका आला की स्वतःचीच लाज वाटली.

१६ डिसेंबर, शनिवार

यंत्रात कोण केव्हा शिरलं याची नोंद आपोआप होत असते. ती सहज चाळत होते. मंगळवारी दुपारी बारा दहा ते दोन चाळीस. गुरुवारीही तेवढाच वेळ. माझ्याच नावाने, माझ्याच पासवर्डने. आणि बाहेरून इंटरनेटवरून नाही, आतल्या खोलीतल्या कीबोर्डवरून.

दोन्ही दिवशी त्या वेळी मी महाडला वर्गात होते.

दुसरी किल्ली भिकाजीकाकांकडे असते. त्यांना विचारलं तर बिचारे ओशाळले. देवाशपथ वर पाय ठेवला नाही म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. तरी मी कुलूप बदललं. पासवर्डही.

२० डिसेंबर, बुधवार

काल पुन्हा. बारा दहा.

यंत्रावर एक कोरा कागद उघडून त्यावर लिहून ठेवलं होतं, कोण आहे? आज येऊन पाहिलं तर खाली रोमन अक्षरांत उत्तर: मी. जेवलीस का?

भीती वाटली, हो. पण खोटं कशाला लिहू? इथे आल्यापासून मला जेवलीस का असं कुणी विचारलं नव्हतं.

२९ डिसेंबर, शुक्रवार

कॉलेजातल्या एखाद्या पोराने बाहेरून शिरकाव करून कीबोर्डची नोंदही खोटी पाडली असेल, असं धरून चालले होते. म्हणून काल इंटरनेटची वायर काढून पर्समध्ये टाकून गेले. तरी संध्याकाळी उत्तर होतंच. वायर काढलीस, मला राग नाही आला.

हे विनीताला सांगायला हवं. उद्या सांगेन.

१८ जानेवारी २००७, गुरुवार

नाही सांगितलं. तीन आठवडे झाले.

सकाळी निघताना मी चार ओळी लिहून ठेवते, संध्याकाळी तिच्या चार ओळी असतात. ती बाईच आहे, लिहिण्यावरून कळतं. मी वर्गातल्या गमती लिहिते. ती विचारते, आज साडी कुठली होती, एसटीत जागा मिळाली का. परवा अंगात कणकण होती तर लिहिलं होतं, ताप अंगावर काढू नको, माणूस एकटं असलं की ताप वाढतो.

एसटीतून उतरले की आता मी जवळजवळ पळत घरी येते.

१ फेब्रुवारी, गुरुवार

पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं! मार्चमध्ये रुजू व्हायचं. आईजवळ राहता येईल. हे सगळ्यात आधी तिला लिहिलं, आईच्याही आधी.

आज उत्तर एकाच शब्दाचं. नको.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

नीट लिहिते.

आईचं आठ दिवस पत्र नाही म्हणून एसटी स्टँडवर जाऊन फोन केला. घरच्या लाइनीवर मी फोन लावलेलाच नाही, आणि मोबाइलला रेंज तिथेच मिळते. आई दुखावलेली होती. म्हणाली, तूच लिहिलंस ना, सारखी पत्रं पाठवू नको, मेपर्यंत इकडे येऊ नको, पुण्याची नोकरी नाकारली आहे. मी म्हटलं, आई, मी असलं काही लिहिलेलं नाही. आई म्हणाली, "अस्मिता, तुझं पत्र मला ओळखू येत नाही का?"

घरी येऊन पाठवलेली पत्रं काढली. तेवीस. कंपनीला नकार गेलेला. कॉलेजच्या प्राचार्यांना राजीनामा गेलेला, कारण घरगुती. आईला नऊ. सगळी माझ्या शब्दांत. शेवटी "बाकी ठीक" लिहायची माझी खोड, तीसुद्धा त्या पत्रांत आहे.

मला आलेली उत्तरंही तिने वाचून पुसून टाकली आहेत. मधे कुणी नाही म्हणून मी केवढी खूश होते.

११ फेब्रुवारी, रविवार

बनुबाईंना सरळ विचारलं, वरच्या खोलीत माझ्याआधी कोण होतं? त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"समीक्षा व्हती. खालचं बूथ तीच चालवायची. घरवाला मुंबैला. पयला पयला रोज दुपारी फोन यायचा त्याचा, मंग नाय आला."

मी विचारलं, आता कुठे असते?

"कुठं असनार गो बाय? गेली. तापानं. आमी शिमग्याला वर गावी गेलेलो. लोकांनी बूथ बंद बघितला, त्यांना वाटला ती बी गेली गावाला." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "अकरा दिस गो. अकरा दिस कुनाला कललाच नाय."

मी उठले. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "तुला दिसली काय?"

नाही म्हटलं. खरंच दिसलेली नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही यंत्रं बंद केली. वायरी काढल्या, पिशवीत भरल्या. इन्व्हर्टरही बंद. पंख्यांची घरघर थांबली आणि खोली एकदम मोठी वाटली. निघताना कागदावर लिहून कीबोर्डवर ठेवलं: मला माफ कर, मला जायचं आहे.

विनीताकडे महाडला आले. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. दुधात हळद घालून दिली. प्राचार्यांना आणि कंपनीला उद्या प्रत्यक्ष फोन करणार.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीने दुसरा माणूस घेतला. प्राचार्य म्हणाले, राजीनामा परत घ्यायला हरकत नाही, पण तुमच्या डोक्यात एकदा काय ते पक्कं करा.

विनीताला आज पत्र आलं. माझ्या पत्त्यावरून. तुझ्याकडे फार दिवस राहणं बरं नाही, मी रविवारी पुण्याला जाते आहे. ती ते कॉलेजात कागदावर छापून घेऊन आली तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात पाटावर बसलेले होते.

यंत्र बंद आहे. वायर माझ्या पिशवीत आहे. मी पुन्हा पाहिली.

२८ फेब्रुवारी, बुधवार

आईला फोन केला. ती म्हणाली, अगं आत्ताच तर बोललो आपण, काय राहिलं? मी म्हटलं, मी आत्ता फोन केला नव्हता. आई म्हणाली, तुझा आवाज वेगळा का येतोय? मघाशी चांगला येत होता.

मी रडायला लागले. आईने विचारलं —

कोण बोलतंय, असं विचारलं. मला.

२ मार्च, शुक्रवार

विनीता शिमग्याला सासरी, पाचाडला गेली. मला चल म्हणत होती. मी आधी पोलादपूरला जाऊन यंत्रं फोडणार आहे. आतल्या, सगळं साठवणाऱ्या चकत्या बाहेर काढून हातोड्याने. दुसरा उपाय उरलेला नाही. विनीता म्हणाली, थांब, मंगळवारी दोघी जाऊ. पण मंगळवारपर्यंत समीक्षा आणखी कुणाकुणाला काय लिहील? आई माझा फोन उचलत नाही.

उद्या भर दुपारी जाते. बनुबाईंना बरोबर घेईन.

३ मार्च, शनिवार. दुपारी सव्वाबारा

भिकाजीकाकांचं दुकान बंद. घरालाही कुलूप. सगळे वर गावी गेलेत, होळीला.

तरी वर आले. दिवस आहे. रस्त्यावर ट्रक चाललेत.

सावित्री चालू आहे.

वायर नाही तिला. मागे हात घालून पाहिलं, नाही. पडद्यावर ओळी उमटत होत्या. विनीताला पत्र. काम झालं, यंत्रं फोडली, थेट पुण्याची गाडी मिळाली, काळजी करू नको. बाकी ठीक.

आईला: मी मुंबईला जाते आहे, पत्ता नंतर कळवते. फोन करू नको.

प्राचार्यांना —

कीबोर्डच्या कळा आपोआप खाली जात होत्या. खुर्ची टेबलाच्या आत सरकवलेली होती, मीच ठेवली होती, ती बाहेर ओढलेली.

हातोडा तिथेच पडला. बाहेरच्या खोलीत आले, मधलं दार ओढलं, कडी लावली. जिन्याचं दार उघडत नाही. बाहेरून कडी घातली आहे.

साडेबारा

मोबाइलला रेंज नाही. खिडकीला गज. ओरडून बघितलं. ट्रक थांबत नाहीत. गल्लीत कुठेतरी ढोल चालू आहे, त्यात माझंच मला ऐकू येत नाही.

लिहिते आहे, म्हणजे हात काही करत राहील. आत टकटक चालू आहे. घाईची नाही. रोजच्या कामासारखी.

विनीता मंगळवारी येणार होती. आता नाही येणार. आई नाही येणार. कॉलेज नाही. किती नीट केलं तिने. एकेक माणूस.

पाऊण

बनुबाई! खाली बनुबाई आल्या आहेत. काहीतरी विसरलं असणार, हातात नारळाची पिशवी. मागच्या घराला कुलूप लावून रस्त्यावर येताहेत. मी हाक मारली. गजातून दोन्ही हात बाहेर काढले —

वर बघितलं. हसल्या. हात हलवला.

माझ्याकडे नाही. शेजारच्या खिडकीकडे.

"अस्मिता, चल की गो पालखीला!"

आणि आतल्या खोलीतून, भिंतीपलीकडून, माझा आवाज. अगदी माझा. चांगला, मोकळा. "तुम्ही व्हा पुढे काकू, मी आत्ता पुण्याला निघालेच."

मी ओरडले. ओरडतेच आहे. त्यांनी कपाळावर हात धरून उन्हातून आणखी एकदा त्याच खिडकीकडे बघितलं, म्हणाल्या, "सांभालून जा हां बाय."

गेल्या.

वळणावर पदर दिसला, मग —

टकटक थांबली.

खुर्ची सरकली. पावलं, अनवाणी, टेबलापासून दारापर्यंत सहा. मी मोजली. दारापाशी थांबली आहे. श्वास नाही ऐकू येत. तापलेल्या अंगाची ऊब फटीतून येते, इथवर, माझ्या पायांना —

मी म्हटलं, समीक्षा, मला जाऊ दे. मी रोज लिहीन तुला. पुण्याहून लिहीन, रोज, आईशपथ —

मधल्या दाराची कडी मी लावली आहे. इकडून लावली आहे. आत्ता बघते आहे, लावलेली आहे, ती हळूहळू आपणहून व