पोथीच्या पुठ्ठ्यातले दोन कागद

आबा, माझं अक्षर बघून हसू नका. तिसरीत मी 'आहे'च्या जागी घरच्या बोलीतलं 'शे' म्हणाले म्हणून मास्तरांनी हातावर पट्टी मारली, आणि तुम्ही मला शाळेतून काढून आपल्या पोथ्या बांधायच्या दुकानात खळ घोटायला बसवलंत. तेव्हा अक्षर आहे हे असं आहे. आज लिहायला बसले कारण सून मागे लागली आहे. माझ्या आईची पोथी धुळ्याला नेऊन नवी बांधून आणते म्हणते. "आई, तिला वास येतो," म्हणाली. म्हटलं, वास खळीचा आहे, तुझ्या नाकाला सवय नाही. पोथी मी काही दिली नाही. का दिली नाही, ते तिला सांगून उपयोग नाही. ते तुम्हाला सांगायचं होतं, आणि तुम्ही जाईपर्यंत मी सांगितलं नाही.

मडमबाई आठवते ना? जळगावच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. उंच, हाडकुळी, आणि पायात पुरुषासारखे बूट. लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. तिचा देश लक्झेंबर्ग. ते नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही. देश आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढा, आणि शेजारच्या जर्मनांनी तो गिळला होता. गिळताना त्यांनी भिंतीभिंतीवर छापील पत्रकं लावली होती. मडमबाई आणि तिचा भाऊ ती उपटून जमवत. पुढे भाऊ त्यातच पकडला गेला. ही कुठून कुठून बोटीत बसून आपल्याकडे आली, ती पेटीत ती पत्रकं घेऊनच. पत्रकं तीस होती. ती बांधून एक पुस्तक करा म्हणून तुमच्याकडे आली. तुम्ही विचारलं, शत्रूचे कागद कशाला जपता? ती दवाखान्यातल्या मराठीत म्हणाली, "लढाई संपेल. मग ते म्हणतील, आम्ही असं काही केलं नाही. तेव्हा दाखवीन." एका कागदावर बोट ठेवून तिने वाचून सांगितलं, "इथे लिहिलं, तुमची भाषा भाषा नाही. आमचीच आहे, बिघडलेली." दुसऱ्यावर होतं, तुमची नावं बदला, आमच्यासारखी ठेवा. हा दुसरा कागद भावाने आपल्याच घराच्या दारावरून फाडलेला, कोपरा गेलेला. तो तिने हाताने दोनदा सारखा केला. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "हाई ते आपलीच गत शे, पोरी." त्या कामाचा एक पैसा तुम्ही घेणार नव्हता, हे मला तिथेच कळलं.

दुकानाचा रिवाज तुम्हीच घातलेला. पुठ्ठे दाबायच्या शिकंज्याच्या डावीकडे बांधायचं काम, उजवीकडे रद्दी. डावीकडच्याला हात लावायचा नाही आणि उजवीकडच्याबद्दल विचारायचं नाही. रद्दीचे कागद खळ लावून एकावर एक चिकटवायचे, दाबायचे, वाळवायचे, की झाला पुठ्ठा. ते काम माझं. आषाढ होता, श्रावणाच्या आत पंधरा पोथ्या बांधून द्यायच्या होत्या, आणि लढाईमुळे रद्दीसुद्धा मिळेना. छप्पर डावीकडे गळायला लागलं तसं तुम्ही मडमबाईचं गाठोडं उचलून उजवीकडे ठेवलंत आणि दोरा आणायला भुसावळला गेलात. मला सांगायचं विसरलात. मी बघितलं, कागद जाड, एकाच बाजूला छापलेला, पोथीच्या पानाहून थोडा मोठा. असला कागद मी जन्मात पुठ्ठ्याला वापरला नव्हता. इतका आनंद झाला की जपून वापरला. एकेका पुठ्ठ्याच्या पोटात एक, म्हणजे एकेका पोथीत दोन. तुम्ही भुसावळला बहिणीकडे अडकलात ते चार दिवसांनी आलात. तोवर पंधराही पोथ्या झाल्या होत्या आणि चौदा घरी गेल्या होत्या. पंधरावी आपल्या आईची.

"बठ्ठा कागद कथा गयात?" तुम्ही विचारलंत. मी छाती काढून सांगितलं, पोथ्यांच्या पुठ्ठ्यांत गेले. तुम्ही मारलं नाहीत. शिकंज्यावर हात ठेवून उभे राहिलात आणि म्हणालात, "चूक मनी शे. जागा मी बदली." मारलं असतं तर बरं झालं असतं, प्रकरण तिथेच मिटलं असतं.

मग श्रावण सुरू. बायका पोथी सोडेनात. "वाचन अर्धं टाकून पोथी कशी देऊ हो? काही अक्कल आहे का तुम्हाला?" म्हणून तुम्हाला दारातून परत लावलं. महिना संपला तसे तुम्ही चौदा घरं हिंडलात, काही तर दोन-दोनदा. मी मागे पोथ्यांची पाटी घेऊन. मारवाडी गल्लीतल्या त्या जाड काकूला खरी गोष्ट सांगितली तर तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे महिनाभर मी त्या राक्षसाला फुलं वाहिली?" तुम्ही म्हणालात, "राक्षस खाली दाबला व्हता, काकी. वर पोथी व्हती ना." ती इतकी हसली की पोथीबरोबर आपल्याला शेवेची पुडी दिली. घरी आणून आपण पुठ्ठे कोमट पाण्यात सोडायचो. खळ सुटली की कागद बोटांनी अलगद वेगळा करायचा, फडक्यावर पसरायचा. माझी बोटं बारीक म्हणून ते काम मी केलं. अठ्ठावीस निघाले. चौदा पोथ्यांना तुम्ही नवे पुठ्ठे घातलेत, पदरचे.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवताना तुम्ही विचारलंत, "मायनी पोथीमा शे का?" मी म्हटलं, "नही आबा, तो जुना पुठ्ठा शे." तुम्ही भाकरी मोडलीत आणि जेवू लागलात. मडमबाईने कागद घेतले, मोजले, पुन्हा मोजले. कोपरा गेलेला कागद त्यात नव्हता. गठ्ठा बांधत ती म्हणाली, "पुष्कळ आहेत." मला तिने एक निळी पेन्सिल दिली, कागद वाचवले म्हणून. लढाई संपल्यावर ती गेली, भाऊ सापडला की नाही ते आपल्याला कळलं नाही. तुम्ही मात्र दर श्रावणात कुणाची पोथी बांधायला आली की उरलेले दोन कागद सापडतील म्हणून आधी जुना पुठ्ठा नखाने उचकटून बघायचात. मी समोर खळ घोटत असायची.

आजवर मी मनाशी म्हणत आले की आईच्या पोथीला तिच्याच लुगड्याचं कापड लावलं होतं, पाण्यात घातलं असतं तर रंग गेला असता, म्हणून लपवलं. रंग गेला असता हे खरं आहे. पण कारण ते नव्हतं. आदल्या श्रावणात आई तापाने पडली होती. मी तुम्हाला दोनदा म्हटलं, तिला घेऊन दवाखान्यात जा. तुम्ही म्हणालात, एवढ्या पोथ्या देतो आणि जातो. गेलात तेव्हा उपयोग नव्हता. आणि वर्षभराने परक्या बाईच्या कागदांसाठी तुम्ही चौदा घरं हिंडलात, पावसात, अनवाणी. मी मागे पाटी घेऊन चालत होते आणि घरं मोजत होते. पंधरावं घर मी तुम्हाला मिळू दिलं नाही. त्यात मडमबाईचा भाऊ होता, हे मला ठाऊक होतं. कोपरा गेलेला कागद मीच चिकटवला होता.

तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. चूक तुमची नव्हती, हे तेवढं तुम्हाला कळायला हवं होतं. निम्मी तरी नव्हती. आज सून देवळात गेली तसं मी पातेल्यात पाणी कोमट केलं, पोथी शेजारी ठेवली, आणि बोटं आता बारीक राहिली नाहीत असं म्हणत बसले. पाणी निवलं. त्यात मी चहाच्या कपबश्या धुतल्या आणि पोथी परत फळीवर ठेवली.