गाठ गेली

३ जून
उस्मानपुऱ्यात खोली मिळाली; खिडकीत कडुनिंब! पुस्तकांच्या पाच पेट्या वर चढवून हमाल बेजार झाला. आजपासून मी प्रयोगशाळेचा प्रबोधन अधिकारी. जनावरांतले कोणते जंत माणसाला लागतात ते जनुकीय चाचणीनं शोधायचं, हे आमच्या शास्त्रज्ञ करुणाताईंचं काम. ते गावोगाव ठणकावून सांगायचं, हे माझं. अज्ञानाइतका मोठा शत्रू नाही. सभा मी कॉलेजापासून जिंकत आलोय.

९ जून
देवगाव रंगारीजवळ मेंढपाळांच्या तळावर सभा. बानाबाई नावाची म्हातारी उठली. मेंढी कापली की कलेजीत पाण्याची पिशवी निघती, ती आमच्या काळ्या कुत्र्याला टाकतो, त्यानं काय व्हतंय का? नात सुकेशनी काळ्याच्या गळ्यात हात टाकून बसलेली. हिच्या बरगडीखाली गाठ आलीय, दवाखान्यात न्यावं का, म्हातारीनं पुढं विचारलं.
मला ठाऊक नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. काही होत नाही, मी गरजलो. टाळ्या! मागून कुणी म्हणालं, म्हातारे, आता तरी बस खाली. ती बसली. लई शिकलेला मानूस हाय, म्हणाली, घोर मिटला.
येताना चाचणीसाठी काळ्याच्या विष्ठेचा नमुना आणला; बानाबाईशी फोन नंबरांची देवाणघेवाण केली.

२० जून
नमुन्यात फीतकृमी निघाले. माणसाला लागणारा वाण. ताईंनी समजावलं: ती पिशवी खाऊनच कुत्र्याला हे होतात. अंडी त्याच्या केसांवरून हाताला, हातावरून तोंडात. मग माणसाच्या यकृतात तशीच पिशवी वाढते. ऑपरेशननं निघते. आत फुटली तर त्या पाण्याच्या अॅलर्जीनं अंगावर गांध्या उठतात, श्वास कोंडून माणूस दगावतो.
तळावर हे सांगितलंत ना, ताईंनी विचारलं.
मी हो म्हणालो.

२३ जून
देवगावच्या बसमध्ये बसलो. दौलताबादला उतरलो. परत आलो. "मला ठाऊक नव्हतं." एवढंच तर म्हणायचंय.

२६ जून
बानाबाईला कळवायला तीनदा फोन हातात घेतला. काय सांगू — टाळ्यांसाठी मी —

२९ जून, सकाळ
बानाबाईचाच फोन. हसतेय. साहेब, तुमचं खरं झालं. पोरगी खेळताना पडली अन् गाठच गेली! प्वाट कसं मऊ झालंय. नुसत्या गांध्या उठल्यात अंगावर, व्हट सुजलेत. काळ्याला टेकून निजलीय.
फोन चालूच आहे. मी बोलत नाही — लिहितोय. तोंड उघडलं तर आधी ते कबूल —
म्हणते, कशी घोरतीय ऐका. पोरीजवळ धरलाय फोन. शीळ घातल्यासारखा श्वास —
साहेब, हाय का?
सांग. आत्ता. गाडीत घाला म्हण —
साहेब, आता घोरंना झाली, शांत —