राजापुढच्या प्याद्याची उत्तरे

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा कुलूपदुरुस्ती, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. डॉक्टरांनी हृदयाची आशा सोडली आहे. डोके मात्र शाबूत आहे. मजकूर टाइप करत आहेत माझे मेहुणेबुवा, म्हणजे पत्नीचे थोरले बंधू. (टंकलेखकाची नोंद: डोक्याबद्दल खात्री देता येत नाही.)

१. राहते घर पत्नीचे. यावर कोणी ब्र काढू नये.

२. दुकान, कानशी आणि कोऱ्या किल्ल्यांचे खोके मुलीला. मुलाच्या हातून साधा कडीकोयंडासुद्धा सरळ बसत नाही.

३. आता खरी इस्टेट. अडतीस वर्षे रोज चार वाजता मेहुणेबुवा दुकानात येतात, बुद्धिबळाचा पट मांडतात, पांढऱ्या सोंगट्या स्वतःकडे ओढतात आणि राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवतात. "तुम्ही वयानं लहान, काळ्या घ्या," असे पहिल्या दिवशी म्हणाले, ते आजतागायत. त्या एका प्याद्याला उत्तरे देण्यात माझा जन्म गेला. त्या उत्तरांची, म्हणजे बचावांची, वाटणी अशी:

फ्रेंच बचाव मुलाला. यात आपल्याच प्याद्यांमागे आपला उंट कोंडायचा आणि मग गुदमरतंय म्हणून कुरकुरायचे. चिरंजीवांना वेगळे शिकवायला नको. कारो-कान सुनेला, तीही तेवढीच भक्कम, पण उंट आधी बाहेर काढते, मग दार लावते. सिसिलियन मुलीला. समोरून भांडायचे नाही, कडेने घुसायचे, हे ती चार वर्षांची असल्यापासून करते. स्कँडिनेव्हियन शेजारच्या दंतवैद्याला: पहिल्याच खेळीत अंगावर जायचे, मग वजीर घेऊन पळत सुटायचे. त्याची दाढ काढायची पद्धत हीच आहे.

४. लग्नानंतर बाराव्या वर्षी मेहुणेबुवांनी घोडा ठेवला आणि मी पाणी प्यायला वळताच परत उचलला. निदान मी गेल्यावर तरी कबूल करावे. (हरकत: बोट सोडले नव्हते.) सोडले होते. (नव्हते.) अहो, टाइप करा मुकाट्याने!

५. काळ्या सोंगट्या आणि माझी खुर्ची मेहुणेबुवांना. (हरकत: मी साक्षीदार आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये. मला काही नको.) हे यांचे जुनेच पालुपद. वहिनी जाऊन नऊ वर्षे झाली, मूलबाळ नाही. चार वाजता इथे आले नाहीत, तर हे कुठेच जाणार नाहीत. पडदे ओढून घरात बसतील. मला मरणापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणून अट: रोज चार वाजता माझ्या खुर्चीत बसावे. समोर पत्नी बसेल, पांढऱ्या सोंगट्या घेऊन.

पत्नीने दारातूनच विचारले, "दादा, पहिली खेळी कोणती करू?"

"राजापुढचं प्यादं. दोन घरं."

"आणि मग तू काय करशील?"

अडतीस वर्षांत काळ्यांकडून एकही खेळी खेळायची वेळ मेहुणेबुवांवर आली नव्हती. टंकयंत्र सोडून ते बाहेर गेले आहेत. पत्नीच्या प्रश्नापासूनचे सगळे मी हाताने लिहिले आहे.

ठिकाण: दुकानातला बाक. तारीख सोळा, सोमवार.

सही: कुलूपवाला

साक्षीदार १: समोरचा न्हावी.

साक्षीदार २: दंतवैद्य, स्कँडिनेव्हियनवरचा हक्क सोडून. (मेहुणेबुवांनी सुरुवातीलाच इथे आपले नाव टाइप करून ठेवले होते. परत आल्यावर ते त्यांनी स्वतःच खोडून शेजारी लिहिले आहे: "साक्ष देता येत नाही. मी वारस आहे. पण एवढ्यात मरू नका, मला अजून एकही बचाव येत नाही.")