तिघांचा एकच नेम

गॉस्पोर्ट, २० एप्रिल १९७४

प्रिय विनीताई,

सा. न. वि. वि.

या लढाईचा खरा खर्च आधी ऐक. शिशाची तीन जहाजं, बोटाच्या पेराएवढी, सगळ्यांची मिळून किंमत एक पौंडसुद्धा नाही. पण आमचं जेवणाचं टेबल आता समुद्र झालंय. त्यावर अंथरलेलं निळं कापड म्हणजे दिवाणखान्याचा पडदा. रविवारचं मटण आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात मांडीवर ताटल्या घेऊन खातो, आणि ईस्टरला येणाऱ्या स्वतःच्या बहिणीला म्युरिएलने नको म्हणून कळवलं. तेव्हा मी हे गमतीत घेतोय असं समजू नकोस.

अटी पुन्हा लिहितो, नंतर कटकट नको. माझी जहाजं ड्यूक, मार्क्विस, अर्ल. तुझी हेरॉन, गॅनेट, रूक. कुणी कुणावर तोफा डागायच्या ते दोघांनी दर फेरीला सॉल्झबरीला लेनर्डला कळवायचं. फासे तो टाकणार. मी जिंकलो तर सप्टेंबरअखेर तू ते चढावरचं घर सोडून माझ्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला यायचंस. तू जिंकलीस तर हा विषय मी जन्मात काढणार नाही. जानेवारीत कोळशाची बादली घेऊन जिन्यात पडलीस, दोन तास तशीच होतीस, आणि हे मला तुझ्या दूधवाल्याकडून कळावं?

माझं डावपेचाचं सूत्र दुकानातलंच आहे: एका वेळी एकच गिऱ्हाईक, पण पुरतं. आणि माझ्यापासून काही लपवायला जाऊ नकोस. पंचवीस वर्षं गल्ल्यावर बसलोय. पावलांच्या आवाजावरून माणूस काय मागणार ते सांगतो. या इमारतीत उंदराने कूस बदलली तरी मला कळतं.

लोभ आहेच, त्यात या युद्धाने खंड पडू देऊ नये.

तुझा स्टॅन

प्लिमथ, २ मे

चि. स्टॅन यास,

अ. उ. आ.

जहाजांना उमरावांची नावं दिलीस! गोदीतल्या रंगाऱ्याचं पोर खिळे विकून मोठं झालं की असं होतं म्हणायचं. महायुद्धात चार वर्षं मी नौदलाच्या नकाशाच्या टेबलावर लाकडी जहाजं सरकवली आहेत, आणि छातीवर पदकं असलेली माणसं कुठलं कुठे आहे ते मला विचारायची. हे विसरलास तर तुझंच नुकसान.

गुडघा बरा आहे. म्हणजे गेल्या महिन्याएवढाच वाईट. या खिडक्यांची तावदानं माझ्या जॅकने स्वतः बसवली होती, हेही तुला ठाऊक आहे. मी इथून निघाले तर माझ्या पायांनी निघेन. कुणी ओढून न्यायला मी काही कपाट नाही.

म्युरिएलला सांग, पडदा धुताना मीठ घाल, रंग जाणार नाही.

आशीर्वाद कायम, जहाजांना मात्र नाहीत.

विनी

सॉल्झबरी, १३ मे

प्रिय स्टॅन आणि विनी,

स. न. वि. वि.

चुलतभावाला पंच केलंत, आता कुरकुर चालणार नाही. पहिल्या फेरीत स्टॅनच्या तिन्ही जहाजांनी हेरॉनवर मारा केला. नियम वाचला होता ना? दोन जहाजांनी एकावर मारा केला तर चालतं. तिसरं आलं की गोळ्यांनी उसळलेले पाण्याचे खांब एकमेकांत मिसळतात, कुणाचा गोळा कुठे पडला ते कुणालाच दिसत नाही, म्हणून तिघांच्याही फाशातून दोन वजा. आणि ज्या जहाजावर कुणीच मारा करत नाही, त्याच्या फाशात एक जास्त.

विनीने एकेकावर एकेक लावलं. हेरॉनला दोन गोळे लागले. गॅनेट आणि रूककडे कुणी पाहिलंच नाही, त्यांनी निवांत नेम धरून ड्यूकच्या पुढच्या तोफा आणि मार्क्विसचं सुकाणू उडवलं.

इकडे दोघांवरही माझं प्रेम सारखंच आहे, फासे मात्र ज्याचे त्याचे.

लेनर्ड

गॉस्पोर्ट, २९ मे

प्रिय विनीताई,

सा. न. वि. वि.

हेरॉन बुडालं! तिसऱ्या फेरीत, तिघांनी मिळून. माझी ड्यूक आणि मार्क्विस जरा लंगडतात, पण तुझं सगळ्यांत मोठं जहाज तळाशी गेलं. लेनर्डचा नियम शाळामास्तराचा आहे. मी म्हणतो, जोर लावला की लागतोच. म्हणून इकडेही जोर लावलाय. तुझ्या डॉक्टरांना मी लिहिलंय आणि तुमच्या पाद्रीबुवांनाही. रागावू नकोस. तो दूधवाला रोज येतो, पण रविवारी येत नाही, आणि मला झोपताना तेच आठवतं.

दुकान बरं चाललंय. गेल्या आठवड्यात टिझार्ड सुतार आला, पाऊल वाजलं तेव्हाच म्युरिएलला म्हटलं, पितळी स्क्रू मागणार. दोन इंची पितळी चोवीस! कुणा म्हातारीच्या जिन्याला कठडा करतोय म्हणाला. दीड इंची घेत होता, मीच दोन इंची दिले. म्हातारी वजनदार असली तर काय घ्या. गेले चार दिवस दुपारी वर ठकठक होते. म्युरिएल विचारात पडली होती, मी नुसतं ऐकून सांगितलं की पाइपात हवा शिरलीय. ती म्हणाली, तुमच्या कानांची कमाल आहे.

माया पातळ होऊ देऊ नये.

स्टॅन

प्लिमथ, ९ जून

चि. स्टॅन यास,

अ. उ. आ.

एकाच आठवड्यात तुझं पत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाद्रीबुवा स्वतः, केक खात तासभर. तिघांचा एकच नेम. इतकं पाणी उसळलं की कोण काय म्हणालं ते मलाच आठवेना. तिन्ही गोळे वाया.

जॅक तोफेवर बारा वर्षं होता. तो सांगायचा, आपल्यावर कुणी गोळे टाकत नसलं की तोफेवरचा माणूस चहाचा घोट घेत नेम धरतो. म्हणून आधी सगळ्यांना गुंतवून ठेवायचं. आणि ज्याला बुडायला एकच घाव उरलाय, त्याच्यावर दोघांनी मिळून पडायचं, तिघांनी नाही. ही माझी पुढची चाल तुला आधी सांगतेय, कारण सांगूनही तू ऐकणार नाहीस.

रविवारी शेजारीण येते. झोप नीट.

विनी

सॉल्झबरी, १८ जून

प्रिय दोघांस,

स. न. वि. वि.

चौथ्या फेरीत गॅनेट आणि रूकने मिळून ड्यूक बुडवलं. पाचवीत मार्क्विस. सहावीत एकटं उरलेलं अर्ल दोघांनी मिळून बुडवलं. सातवीची गरज पडली नाही. विनी जिंकली.

मला दोघांनीही पूर्वीइतकंच धरावं.

लेनर्ड

गॉस्पोर्ट, २२ जून

प्रिय विनीताई,

सा. न. वि. वि.

हरलो. शब्द दिला होता, विषय संपला. टेबल मोकळं केलं, आज दोघं खुर्चीत बसून जेवलो, पण घास गोड लागला नाही. एकच मागणं: बादली अर्धीच भरत जा. हे विषय काढणं धरू नकोस.

स्टॅन

प्लिमथ, २९ जून

चि. स्टॅन यास,

अ. उ. आ.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी येतेय. राहायला. घर भाच्याला भाड्याने दिलं, तावदानांना हात लावायचा नाही या अटीवर. हरून आले असते तर रोज सकाळी तुझं तोंड पाहवलं नसतं. आता जिंकून येतेय, तेव्हा चहा तू करायचास.

तू, डॉक्टर आणि पाद्रीबुवा, तुम्ही तिघं माझ्या मागे लागला होतात. म्युरिएलने ये असं एकदाही लिहिलं नाही. मे महिन्यात तिची चार ओळींची चिठ्ठी आली, तीत एवढंच विचारलं होतं की गुडघा डावा की उजवा, म्हणजे आधार कुठल्या बाजूला लागेल. त्या दिवशी मी ठरवलं. लढाई फक्त जिंकायची राहिली होती.

तुम्हा दोघांना आशीर्वाद, तिला जरा जास्त.

विनी

ता. क. तुझ्या पाइपात हवा नव्हती. टिझार्ड चार दुपारी तुझ्या डोक्यावरच्या जिन्याला कठडा बसवत होता, आणि ते चोवीस स्क्रू तू स्वतः मोजून दिलेस.